वेशीबाहेरची ओ

१

सोमवार, ११ मार्च १९५७. पहाटे चादर ओढून घ्यावी इतका गारवा. दुपारपासून आभाळ भरलेलं, वारा पडलेला. पाऊस आला नाही.

मोहगडात दिवेलागणीला एक काम असे. चिचगडच्या जंगलाकडून येणारी बैलगाडीची वाट गावात शिरते तिथे दगडी वेस आहे. तिची दारं केव्हाच गेली. अगदी म्हाताऱ्यांनीही ती पाहिलेली नव्हती. वर कमान, आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांनी बसायच्या देवड्या आणि अडसर सरकवायचं भिंतीतलं चौकोनी भोक, एवढंच उरलं होतं. कोटाची भिंत दोन्ही अंगांनी ढासळून धानाच्या बांधासारखी झाली होती आणि शेळ्या तिच्यावरून येजा करत. तरी सूर्य बुडाला की ज्या घराची पाळी असेल त्या घरचा कर्ता माणूस वेशीच्या आत उभा राही आणि बाहेर तोंड करून विचारी, "भाएर कोण?"

बाहेरून ओ येई, "आमी आहोत. लावा."

मग आतला माणूस अडसराच्या भोकावर तळहात ठेवी, नसलेलं दार लागलं असं धरून चाले, आणि घरी जाऊन जेवायला बसे.

ओ देणारं घर एकच होतं. वेशीच्या बाहेर उजव्या हाताला, धुरपताबाईचं. पहारा तिच्या सासरच्यांकडे कधीपासून होता ते कोणाला सांगता येत नसे. जंगलाकडे तोंड आणि गावाकडे पाठ करून बसायचं, ही त्यांची रीत. नवरा गेल्यावर ओ देण्याचं काम तिच्याकडे आलं. मुलगा छोटेलाल गोंदियाच्या राईस मिलमध्ये लागला होता, मुर्रीला खोली घेऊन राहत होता, आणि दर सणाला आईला न्यायला येत होता. ती जात नसे. "मी गेली तं ओ कोन देईन रे?" एवढंच म्हणे.

त्या सोमवारी पाळी भैयाजी बिसेन यांची होती. पण संध्याकाळचं सांगण्याआधी त्या दिवशीची सकाळ सांगितली पाहिजे.

२

भैयाजींचं घर वेशीच्या आत, लागूनच. धानाची शेती, बाजाराच्या दिवशी मिठाचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण माणूस जिज्ञासू. वेशीचा दगड कुठल्या खाणीतला, कमानीवरचा हत्ती कोणत्या बाजूने झिजला, हे त्यांना विचारावं. चिचगडकडचं लाकूड सालेकसा स्टेशनावर नेणारे ट्रक वेशीत अडकू लागले आणि रस्ता रुंद करण्यासाठी वेस पाडायचं ठरलं, तेव्हा भैयाजींनी जेवणखाण सोडल्यासारखं केलं. घरोघर फिरले. शेजारच्या केशोरावांना सोबत घेऊन भंडाऱ्याला खेटे घातले. शेवटी त्या सकाळी रस्त्याच्या खात्याचे मोठे साहेब स्वतः जागा पाहायला आले.

भैयाजींनी त्यांना सगळं दाखवलं. रोज संध्याकाळी गाव वेशीतून काय विचारतं तेही सांगितलं. साहेब कमानीखाली थांबले. टोपी काढली.

"अजून विचारता?"

"रोज. एक दिवस चुकला नाही."

साहेबांनी बराच वेळ वर पाहिलं. मग म्हणाले, "रस्ता वळसा घालून नेता येईल. उजवीकडे कोट पडलेलाच आहे. फक्त हे घर मध्ये येतं. जुनं आहे का? जुना हक्क असला तर चौकशी लावावी लागेल. तेवढं थांबायला मला सवड नाही. मग वेसच काढावी लागेल."

धुरपताबाई तेव्हा मोहफुलं वेचायला रानात गेली होती. तिच्या ओट्यावर सूप पालथं घातलेलं होतं.

"नाही साहेब," भैयाजी म्हणाले. "बाजारापायी अलीकडं येऊन बसलेले लोक आहेत."

साहेबांनी मान हलवली आणि टोपी घातली. गाव संध्याकाळी काय विचारतं ते त्यांना कळलं होतं. उत्तर कोण देतं ते त्यांनी विचारलं नाही आणि भैयाजींनी सांगितलं नाही. बाजूला उभे असलेले केशोराव आपल्या पायांकडे पाहत राहिले.

३

संध्याकाळी भैयाजी वेशीत उभे राहिले. भरलेल्या आभाळामुळे उजेड लवकर गेला होता. धुरपताबाईच्या घराकडे नजर जाऊ नये म्हणून त्यांनी सरळ वाटेकडे पाहिलं.

"भाएर कोण?"

"आमी आहोत. लावा."

नेहमीचा आवाज, किंचित घोगरा. भैयाजींनी भोकावर हात ठेवला. दगड दिवसभर तापला नव्हता तरी कोमट लागला. ते घरी आले, पाय धुतले आणि स्वयंपाकघरात डोकावले. चुलीच्या उजेडात सुमित्राबाई भाकरी थापत होत्या. त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून, पाय लांब करून धुरपताबाई बसली होती.

भैयाजी उंबऱ्यातच थांबले.

"मावशी, तुमी कधी आल्या?"

"दुपारची आली बापा. मोह वेचता वेचता पाय मुरगळला. तुमच्या बाईनं हळद लावली अना बसवून ठेवली. म्हणते, आज इथंच झोपा."

"आता मधात भाएर गेलत्या?"

सुमित्राबाईंनी मागे वळून पाहिलं. "कुठं जाते ते? उभं राहणं होऊन नाई राहिलं तिचं. कायले इचारता?"

"काही नाही."

धुरपताबाई हसली. पुढचे दोन दात नव्हते, हसली की लहान पोरीसारखी दिसे. "ओ भेटली ना तुमाले?"

"भेटली."

"मंग झालं."

"पण कोणी दिली?"

"देल्ली असन कोनीतरी. मी कधी बुखारात पडली, कधी रानात अडकली, तं काय तुमची ओ रायली का? देते कोनीतरी."

"कोण देतं, मावशी?"

"आता ते म्या कसं सांगू? आमच्या घरी मांगं पाहत नाईत." तिने पायावरची हळद बोटाने चाचपली. मग आवाज उतरवून म्हणाली, "केशोरावनं सांगतलं मले. वेस रायली म्हणे. तुमी लय धावले भैयाजी. वेस रायली म्हणजे माह्यं घरबी रायलं."

सुमित्राबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत असलेला अभिमान भैयाजींना चटक्यासारखा लागला. ताट वाढलं गेलं. भाकरीचा पहिला तुकडा त्यांनी बराच वेळ चावला.

४

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते वेशीत गेले. दगडी कमान, पोकळ देवड्या. आपलाच आवाज परत आला असेल, असं त्यांनी रात्रभर स्वतःला समजावलं होतं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्यांनी हाक दिली. आवाज गेला तो गेलाच. एका शेळीने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मग छोटेलाल आला असेल. मग एखादा गुराखी थट्टेने बोलला असेल. भैयाजी प्रत्येक शक्यता हातात घेऊन तपासत आणि बाजूला ठेवत. छोटेलाल आलेला नव्हता. गुराख्याला तो आवाज काढता आला नसता. आणि हे सगळं चालू असताना एक वाक्य त्यांच्या डोक्यात आपसूक घोळत होतं: अलीकडं येऊन बसलेले लोक आहेत.

दोन-तीन दिवसांनी केशोरावांची पाळी आली. धुरपताबाईचा पाय सुजलेलाच होता; ती अजून भैयाजींच्याच घरी होती. भैयाजी केशोरावांना म्हणाले, "आज मी बाहेर उभा राहतो. ओ कुठून येते ते पाहू."

"कायले?" केशोरावांनी विचारलं. वयाने मोठे, तोंडाचे फटकळ. "ओ येऊन राहिली तं येऊ दे. न येणाऱ्याले शोधावं, येणाऱ्याले कायले?"

तरी भैयाजी गेले. तिच्या ओट्याच्या कडेला, भिंतीला पाठ न लावता उभे राहिले. घराला कडी होती. आत काळोख. ओट्यावर शेणाने सारवलेल्या जमिनीत एका ओळीत खळगे पडले होते. पिढ्यान्‌पिढ्या बसून पडलेले, शेजारी शेजारी, जंगलाकडे तोंड केलेले. इतक्या वर्षांत ते भैयाजींच्या लक्षात कधी आले नव्हते. अलीकडं आलेल्या माणसांच्या ओट्याला असे खळगे पडत नाहीत.

सूर्य गेला. वेशीतून केशोरावांचा आवाज आला. "भाएर कोण?"

ओ त्यांच्या खांद्याजवळून आली.

एका तोंडाची नव्हती. घोगरी, बारीक, म्हातारी, तरुण, सगळ्यांनी एकदम आणि सवयीने म्हटलं तशी. गालाला ऊब लागली. ओल्या घोंगडीचा वास आला. भैयाजींनी मान वळवली नाही. वळवायला हवी होती आणि वळवली नाही, हे त्यांना पुढे कित्येकदा आठवलं. समोर फक्त वाट होती, आणि वाटेपलीकडे मोहाची झाडं.

ते वेशीत परतले तेव्हा केशोराव रागावलेले होते.

"काय म्हणून थट्टा करतो? या वयात शोभते का?"

"काय झालं?"

"तू कायले ओ देल्ली? बाकीचे कोन होते मले नाई मालूम. पण त्यात तुझाबी आवाज होता."

"मी तोंड उघडलं नाही, केशोराव."

केशोरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग धोतराचा सोगा उचलून घरी निघाले. जाता जाता म्हणाले, "तू सायबाले सांगतलं तेव्हा मी चूप रायलो. मलेबी वेस पाह्यजे होती. पण आता तूच काहीतरी कर बाबू. तुझ्या तोंडचं आहे ते, तूच फिरव."

५

शनिवारी ऊन कडक होतं, वारा नव्हता. ओव्हरसियर ईश्वरदास मजूर आणि चुन्याची पोती घेऊन आला. गाव जमलं. बायकांनी वेशीची पूजा मांडली होती, कमानीला आंब्याची पानं बांधली होती. कोणीतरी भैयाजींच्या कपाळाला गुलाल लावला.

भैयाजी घरून ठरवून आले होते. रात्री त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं: साहेब, माझी चूक झाली, ते घर वेशीइतकंच जुनं आहे. आपण हे बोललो तर काय होईल तेही त्यांना माहीत होतं. चौकशी लागेल, सवड नसलेला साहेब जुन्या रेषेवर परत जाईल आणि ही पानं बांधलेली कमान पावसाळ्याआधी खाली येईल.

मजुरांनी फक्की मारायला सुरुवात केली. पांढरी रेघ वाटेवरून वळली, पडलेला कोट ओलांडून धुरपताबाईच्या ओट्यावर चढली. ती लंगडत आली आणि रेघेच्या पलीकडे उभी राहिली.

"हे काय करून राहिले तुमी?"

"रास्ता इधर से जाएगा, माई."

"इधर कसा जाते? इधर आमी आहोत ना. माह्या सासऱ्याचा सासरा इथं बसला."

ईश्वरदास वाईट माणूस नव्हता. त्याने हातानेच मजुरांना थांबवलं आणि वळला. "भैयाजी, बुढ़िया तो पुराना बता रही है। साहब को तो आपने कुछ और कहा था। क्या लिखूँ?"

सगळं गाव भैयाजींकडे पाहू लागलं. सुमित्राबाई हातात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. केशोराव उभे होते. धुरपताबाई घाबरलेली नव्हती. तिला वाटत होतं की आता भैयाजी सांगतील आणि हा घोटाळा निस्तरेल. तिने त्यांच्याकडे पाहून मानही हलवली, सांगा, म्हणून.

जुळवलेलं वाक्य जिभेवर होतं. भैयाजींनी कमानीकडे पाहिलं.

"जे सांगायचं ते मी साहेबांना सांगितलं आहे," ते म्हणाले.

धुरपताबाईने एकेका तोंडाकडे पाहिलं. शेवटी पुन्हा भैयाजींकडे.

"बरं," ती म्हणाली.

६

घर मातीचं होतं. पाडायला एक दुपारही लागली नाही. छोटेलाल गाडी घेऊन आला, आईची भांडी, जातं, दोन गाडगी भरली. भैयाजींशी तो बोलला नाही. त्याने बैल जुंपले तेव्हा भैयाजी घरातून तांदळाची पायली घेऊन गेले. धुरपताबाईने पदर पसरून तांदूळ घेतला. नाही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मावशी, मी..."

"राहू द्या भैयाजी. तुमाले वेस पाह्यजे होती. भेटली." गाडीत चढताना तिने त्यांच्याच खांद्याचा आधार घेतला. बसल्यावर पदर सारखा केला. "एक आयका. आता भाएर कोनी नाई. सांजले इचारू नोका."

"गावची रीत आहे..."

"रीत इचारायची आहे, तशी ओ द्यायचीबी आहे. भाएर कोनी नाई अना तुमी इचारलं, तं ओ कुठून येईन?"

गाडी वाटेला लागली. मुर्री लांब होती. वळणापर्यंत भैयाजी पाहत राहिले. तिने मागे पाहिलं नाही.

७

गावाने विचारणं सोडलं. कोणी ठरवलं नाही. पाळी आलेला माणूस दिवेलागणीला घरातच काहीतरी काम काढून बसे, आणि शेजारचा त्याला हटकत नसे.

भैयाजींना मात्र राहवेना. झोप उडाली होती. ते मनाशी हिशोब मांडत: ओ देणारं कोणी असेल तर ते त्या ओट्याचं होतं, ओटा आता नाही, म्हणजे आता हाक दिली तर नुसती शांतता असेल. ती शांतता त्यांना एकदा कानांनी ऐकायची होती. तिथे कोणी नव्हतंच, आपण कोणाला उठवलं नाही, एवढं तिच्यातून सिद्ध होणार होतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पाळी नसताना, ते वेशीत जाऊन उभे राहिले. सुमित्राबाईंनी हाक मारून पाहिली, ते थांबले नाहीत. पश्चिमेला अजून तांबूस होतं. समोर मातीचा ढीग, त्यावरून गेलेली चुन्याची रेघ. वाट मोकळी. एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली.

"भाएर कोण?"

काही नाही. भैयाजी थांबले. मोहाच्या झाडाखाली एक फूल पडल्याचा आवाजही आला असता इतकं शांत होतं. त्यांनी मोठा श्वास घेतला, आणि जुन्या सवयीने अडसराच्या भोकावर तळहात ठेवला.

"आमी आहोत."

ओ मागून आली. गावाच्या आतून.

भैयाजी हलले नाहीत. सुमित्राबाई असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं, माझ्या मागे आली असेल. पण ते मनाशी असं म्हणत असतानाच ओ आणखी जवळून आली, आणि मग दोन्ही बाजूंनी, हात लांबवला तर लागेल इतकी जवळून, देवड्यांतून. पुढचा शब्द अजून कोणी उच्चारला नव्हता. ओल्या घोंगडीचा वास पसरला.

त्यांनी मान वळवली नाही. फक्त डोळे वळवले.

डावीकडच्या देवडीत माणसं बसली होती. गुडघे पोटाशी घेऊन, अंगावर घोंगड्या, एकमेकांना चिकटून, जशी थंडीत पहाऱ्यावर बसतात तशी. भैयाजींना दिसल्या त्या घोंगड्यांच्या कडा, गुडघे, गुडघ्यांवर ठेवलेले हात. त्यांच्या पाठी जंगलाकडे होत्या. ती सगळी गावाकडे तोंड करून बसली होती. सगळ्यांत कडेचं जे होतं, त्याचं तोंड तर भैयाजींच्या बाजूला वळलेलं होतं. अंधारात ते उजळ होऊ लागलं, आणि ते नीट दिसण्याच्या आत बोललं.

"लावा."

भैयाजींच्या तळहाताखाली, भिंतीच्या आत, लाकूड सरकलं.

८

गुरुवार, १२ जून १९५८. सकाळी ऊन, दुपारी विजांसह सर.

चिचगडकडून सालेकसा स्टेशनाकडे जाणारा रुंद रस्ता या दिवशी मोटारींना खुला झाला. मोहगडची वेस पाडली नाही. तिच्याभोवती तारेचं कुंपण घालण्यात आलं. धुरपताबाईचं घर अतिक्रमण म्हणून लिहिलं गेलं होतं, त्यामुळे मोबदला मिळाला नाही; ती संक्रांतीनंतर मुर्रीला वारली. वेशीच्या आतली बरीच घरं त्या वर्षात रस्त्याच्या कडेला राहायला गेली. त्यात केशोरावांचं होतं. भैयाजी बिसेन यांनी शेत वाट्याने दिलं आणि मिठाचं दुकान बंद केलं. एप्रिल १९५७ नंतर ते वेशीतून किंवा पडलेल्या कोटावरून एकदाही बाहेर आले नाहीत.